गेमची डिस्क घ्यावी की डाउनलोड? आधी बघा, गेम आहे कुठे

१५ मे २०२५ रोजी ‘डूम : द डार्क एजेस’ हा गेम बाजारात आला. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलसाठीचं (म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रासाठीचं) खोकं नेहमीसारखंच होतं आणि आत डिस्कही होती. पण इंटरनेट बंद ठेवून ती कन्सोलमध्ये घातल्यावर लोकांच्या लक्षात आलं, की तिच्यावर जेमतेम ८५ मेगाबाइटचा डेटा आहे. मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओसुद्धा साधारणपणे याहून मोठा भरतो. गेम खेळायचा तर जवळजवळ सगळाच इंटरनेटवरून उतरवून घेणं भाग होतं.

तीन आठवड्यांनी, ५ जूनला, निन्टेन्डोचा स्विच २ हा कन्सोल आला. त्याच्याबरोबर ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार आला: दिसायला गेमचं कार्ड, पण आत गेम नाही, फक्त गेम उतरवून घेण्याची आणि खेळण्याची परवानगी. जुलैमध्ये युरोपातल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या नागरिकांच्या मागणीपत्राने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कंपनीने सर्व्हर बंद केला तरी विकलेला गेम खेळण्याजोगा राहिला पाहिजे, ही त्यातली मागणी.

डिस्क घेतली की गेम आपला आणि डाउनलोड केला की कंपनीचा, हा जुना ठोकताळा आता पुरत नाही. काही डिस्क खरोखर आपल्या असतात, काही नावापुरत्या. चार-पाच हजार रुपये मोजण्याआधी हा फरक ओळखता यायलाच हवा.

## एका गेमच्या तीन बाजू

कोणताही गेम चालायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली म्हणजे डेटा: चित्रं, आवाज, नकाशे, प्रोग्राम. दुसरी परवाना, म्हणजे ‘हा गेम खेळायचा हक्क या माणसाला आहे’ हे कन्सोलला पटवणारा पुरावा. तिसरी सर्व्हर, म्हणजे कंपनीच्या ताब्यातला दूरचा संगणक. सर्व्हर प्रत्येक गेमला लागतो असं नाही. पण ज्याला लागतो, त्याचं आयुष्य सर्व्हरएवढंच.

पूर्वी कन्सोल खेळता खेळता डिस्कवरूनच डेटा वाचत असे. प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनपासून (दोन्ही २०१३ चे) हे बदललं. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी, म्हणजे आतली वेगवान साठवण, सेकंदाला साडेपाच जीबी वाचते. गेमची ब्लू-रे डिस्क काही दहा मेगाबाइटच्या घरात अडकते. आजच्या गेमला डिस्कचा हा वेग झेपत नाही. त्यामुळे डिस्क घातली की सगळा डेटा आधी एसएसडीवर उतरतो आणि गेम तिथूनच चालतो. नंतर डिस्क आत ठेवायची ती फक्त परवाना दाखवण्यासाठी.

यातून एक गैरसमज सहज दूर होतो. डिस्क घेतल्याने कन्सोलवरची जागा वाचत नाही. डिस्कवरचा गेम आणि डाउनलोड केलेला गेम सारखीच जागा खातात. पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबीपैकी वापरायला सुमारे ६६७ जीबी मिळतात. शंभर-शंभर जीबीचे सहा गेम घातले की संपलं.

डिस्क आणि डिजिटलमधला खरा फरक परवान्याचा आहे. डिस्कचा परवाना नाटकाच्या तिकिटासारखा: ज्याच्या हातात तिकीट, त्याला प्रवेश. ते मित्राला द्या, विका, कोणी विचारणार नाही. डिजिटल परवाना लोकलच्या मासिक पासासारखा: तो तुमच्या नावावर आणि ओळखपत्राला जोडलेला, दुसऱ्याला देता येत नाही. आणि प्रयोगच रद्द झाला तर हातातल्या तिकिटाचाही उपयोग नाही. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या गेमची डिस्क अशीच निकामी होते.

## खोक्यात चार प्रकारचा माल येतो

पहिला प्रकार पूर्ण डिस्कचा. सगळा गेम डिस्कवर, इंटरनेट नसतानाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो. प्लेस्टेशन ५ ची डिस्क १०० जीबीपर्यंत डेटा घेते, त्यामुळे बहुतेक एकट्याने खेळायचे गेम तिच्यावर मावतात. मावत नसेल तर दोन डिस्क देतात. ‘फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ’ला एक डेटा डिस्क आहे आणि एक खेळायची. डेटा डिस्क एकदा घातली की तिचं काम झालं. रोज लागते ती दुसरी. वापरलेला संच घेताना दोन्ही आहेत ना, हे मोजून बघा.

दुसरा प्रकार अर्धवट डिस्कचा. काही भाग डिस्कवर, उरलेला पहिल्या दिवशी डाउनलोड. हा सगळ्यांत फसवा प्रकार, कारण गेम सुरू होतो आणि मध्येच अडतो, किंवा नुसता मेनू दिसतो आणि पुढे जाता येत नाही.

तिसरा प्रकार नुसत्या परवान्याचा. ‘डूम’ची ती डिस्क किंवा स्विच २ ची गेम-की कार्डं यात येतात. गेम-की कार्ड पहिल्यांदा घातल्यावर इंटरनेट लागतं आणि पूर्ण गेम उतरवावा लागतो. त्यानंतर ऑफलाइन खेळता येतं, पण कार्ड आतच असावं लागतं. हे कार्ड विकता येतं, उसनं देता येतं. म्हणजे डेटा कंपनीकडे आणि परवाना तुमच्या हातात. पुढे कधी कंपनीने डाउनलोड बंद केलं, तर कार्ड असूनही नव्या कन्सोलवर गेम येणार नाही.

चौथा प्रकार म्हणजे खोक्यात कागदावर छापलेला कोड. हा निव्वळ डिजिटल गेम. कोड एकदा वापरला की खोक्याला रद्दीची किंमत. वापरलेल्या मालात असं खोकं दिसलं तर हात लावू नका.

गेम-की कार्ड हे सरसकट लबाडीचं काम आहे, असं मात्र म्हणता येत नाही. ‘स्टार वॉर्स आउटलॉज’च्या स्विच २ आवृत्तीबद्दल ती बनवणाऱ्यांपैकी एकाने कारण दिलं होतं: त्यांचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, खेळताना सतत डेटा ओढत राहतं आणि कार्डाचा वेग त्याला पुरला नाही. दुसऱ्या बाजूला ‘सायबरपंक २०७७’ सारखा अवाढव्य गेम ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण आला. मनावर घेतलं तर जमतं, एवढं त्यावरून दिसतं. मोठी कार्डं महाग पडतात, हे कारण कंपन्या सहसा मोठ्याने सांगत नाहीत.

जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने २०२५ मध्ये या प्रश्नावर आपल्या परीने निकाल दिला. हे ग्रंथालय पुस्तकांबरोबर व्हिडिओ गेमही जतन करतं. गेम-की कार्डात प्रत्यक्ष गेमच नसल्यामुळे ती कार्डं संग्रहात घेतली जाणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट केलं.

## आपली डिस्क पूर्ण आहे का, हे कसं बघायचं?

घेण्याआधी खोकं नीट वाचा. गेम-की कार्ड असेल तर स्विच २ च्या खोक्यावर पुढच्या बाजूला, खाली तशी पट्टी छापलेली असते. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या खोक्यावर इंटरनेट किंवा डाउनलोड लागेल अशी बारीक अक्षरातली ओळ असते. ती आहे का आणि नेमकं काय म्हणते, ते बघा. ‘ऑनलाइन खेळासाठी इंटरनेट आवश्यक’ आणि ‘खेळण्यासाठी इंटरनेट आवश्यक’ या दोन ओळींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘डझ इट प्ले’ हा हौशी लोकांचा गट डिस्क ऑफलाइन तपासून निकाल जाहीर करतो. गेमचं नाव टाकलं की उत्तर मिळतं.

डिस्क घरी आली असेल तर स्वतः तपासणं सोपं आहे. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन इंटरनेट जोडणी बंद करा. मग डिस्क घाला आणि पूर्ण उतरू द्या. उतरल्यावर गेमच्या चित्रावर कंट्रोलरचं ऑप्शन्स बटण दाबून माहितीचं पान उघडा. तिथे आवृत्तीचा आकडा दिसतो. आता खेळायला लागा. पहिल्या प्रकरणावर थांबू नका, कारण अर्धवट डिस्क सुरुवातीला व्यवस्थित चालते. तासभर खेळून झाल्यावर जोडणी परत सुरू करा आणि अपडेट घ्या.

## डिजिटल गेम ‘विकत घेतला’ म्हणजे काय घेतलं?

परवाना घेतला. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो या तिन्ही दुकानांच्या अटींमध्ये हेच लिहिलेलं आहे. आपण ‘मान्य’वर बोट ठेवून पुढे जातो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने यावर २०२४ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. डिजिटल मालाच्या बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर आपण मालकी नव्हे, परवाना घेत आहोत हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. कायद्याने गेमवरचा आपला हक्क वाढला नाही. फक्त खरं काय ते सांगणं बंधनकारक झालं.

हा परवाना विकता येत नाही. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये संगणकावरच्या स्टीम या दुकानाविरुद्ध, डिजिटल गेम पुन्हा विकता आला पाहिजे असा निकाल दिला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

परतीचे नियमही कडक आहेत. प्लेस्टेशन स्टोअरवर खरेदीपासून चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. आगाऊ नोंदणी केलेला गेम कन्सोल आपोआप उतरवायला लागतो आणि तिथेच अनेकांचा हक्क जातो. आगाऊ नोंदवत असाल तर आपोआप डाउनलोड बंद करून ठेवा.

## ‘पण विकत घेतलेला गेम कंपनी कुठे काढून घेते?’

आक्षेप रास्त आहे. अकाउंटमधून गेम खरोखर नाहीसा होणं विरळ. नेहमी घडतं ते वेगळं: दुकान बंद होतं, नवी खरेदी थांबते, पण आधी घेतलेलं पुन्हा उतरवता येतं. निन्टेन्डोच्या वी यू आणि थ्रीडीएस या जुन्या कन्सोलचं ई-शॉप (ऑनलाइन दुकान) २७ मार्च २०२३ ला असंच बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि हातात धरून खेळायच्या व्हीटाचं दुकान बंद करण्याची घोषणा केली होती. लोकांनी ओरड केल्यावर मागे घेतली.

पण विरळ म्हणजे अशक्य नव्हे. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. हा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला लागत असे. परिणामी डिजिटल घेणाऱ्यांचा गेम गेला आणि डिस्क घेणाऱ्यांचाही. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ची मोहीम याच घटनेतून उभी राहिली.

यातला धडा डिस्कच्या बाजूचा नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. सतत ऑनलाइन असावा लागणारा गेम डिस्कवर घेऊन त्याचं आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही. डिस्क उपयोगी पडते ती सर्व्हर न लागणाऱ्या गेमसाठी, आणि त्यातही पूर्ण डिस्क असेल तरच.

जतनाच्या बाजूने बघितलं तर मात्र डिस्कचं मोल मोठं आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात कुठेही अधिकृतपणे विकत मिळत नव्हते. त्यातले जे आजही लोकांच्या हाती आहेत, ते बहुतेक जुन्या डिस्क आणि कार्ट्रिजमुळेच. ‘पी.टी.’ हा छोटा भयपट-गेम २०१४ मध्ये फक्त डाउनलोड म्हणून आला, २०१५ मध्ये काढला गेला, आणि आता तो ज्यांच्या जुन्या कन्सोलवर उरलाय त्यांच्यापुरताच आहे.

## ‘डिस्कवरचा गेम तरी कुठे पूर्ण असतो? अपडेट लागतंच की’

लागतं. पहिल्या दिवशीच दहा-वीस जीबीचं अपडेट येणं आता नित्याचं आहे. डिस्क कारखान्यात छापायला गेम काही आठवडे आधी पाठवावा लागतो आणि मधल्या काळात दुरुस्त्या सुरूच असतात. पण ‘अपडेटशिवाय काही दोष राहतात’ आणि ‘अपडेटशिवाय चालतच नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत. बरेच एकट्याने खेळायचे गेम डिस्कवरच्या पहिल्या आवृत्तीतही शेवटपर्यंत जातात. एखादं पात्र भिंतीत अडकेल, चित्र क्षणभर थबकेल, इतकंच. वर्ष-दीड वर्षाने ‘संपूर्ण आवृत्ती’ नावाने दुसरी डिस्क निघाली तर तिच्यावर बहुतेकदा दुरुस्त्या आणि जोडभाग (नंतर वेगळे विकलेले नकाशे, पात्रं, कथा) आलेले असतात. थांबायची तयारी असेल तर तीच घ्यावी. पण तिथेही खोकं वाचा, कारण कधी कधी जोडभाग कोडच्या रूपात दिलेले असतात.

कन्सोलवरही थोडं अवलंबून राहावं लागतं. प्लेस्टेशन ४ च्या आत घड्याळासाठी सीआर २०३२ हा छोटा सेल असतो. तो संपला आणि कन्सोल प्लेस्टेशन नेटवर्कला जोडता आला नाही, तर डिस्कचे गेमसुद्धा अडत असत. सप्टेंबर २०२१ मध्ये ९.०० या सिस्टिम अपडेटने हे दुरुस्त झालं. जुना प्लेस्टेशन ४ कपाटातून काढलात तर आधी हे अपडेट घाला.

## पैशांचा हिशेब

भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता आणि डिस्क ड्राइव्ह नसलेली डिजिटल आवृत्ती ३९,९९० ला. एप्रिल २०२४ मध्ये त्याचं बारीक मॉडेल, स्लिम, आलं, तेव्हा ५४,९९० आणि ४४,९९०. दोन्ही वेळा फरक दहा हजारांचा. प्रश्न इतकाच, की हे दहा हजार किती गेममध्ये वसूल होतात?

समजा, नवा गेम ४,९९९ ला घेतला आणि खेळून झाल्यावर ३,००० ला विकला. खरा खर्च दोन हजार. तोच गेम डिजिटल घेतला तर पाच हजार गेले ते गेलेच. पण तुम्ही वर्षभर थांबून सेलमध्ये दोन हजारांना घेतलात, तर दोन्हीकडचा खर्च सारखाच. म्हणजे गेम आल्या आल्या खेळून विकणाऱ्याला डिस्क ड्राइव्ह तीन-चार गेममध्ये वसूल होतो. नेहमी सेलची वाट बघणाऱ्याला तो कधीच वसूल होणार नाही. आपण यांपैकी कोण, हे मागच्या दोन वर्षांची खरेदी बघून ठरवा. पुढे आपण कसे वागू याच्या कल्पनेवर ठरवलं तर हिशेब हमखास चुकतो.

डिस्कची किंमत मुळात दुकानदारांच्या स्पर्धेमुळे खाली येते. एकच गेम चार ठिकाणी मिळतो आणि माल साठून राहिला की भाव उतरतो. डिजिटल दुकान एका कन्सोलला एकच. ज्याच्याकडे ड्राइव्हच नाही, त्याला त्या एका दुकानाने सांगितलेला भाव मानावा लागतो, आणि माझ्या मते दहा हजारांपेक्षा हे बंधन मोठं आहे.

ड्राइव्हबद्दल आणखी तीन तपशील. स्लिम आणि प्रो या मॉडेलना ड्राइव्ह नंतर जोडता येतो; २०२० च्या मूळ जाड डिजिटल आवृत्तीला कधीच नाही. जोडलेला ड्राइव्ह पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेटवरून एकदा नोंदवावा लागतो, त्यामुळे नेट नसलेल्या जागी नवा कन्सोल लावायला बसू नका. आणि तुमच्याकडे प्लेस्टेशन ४ च्या डिस्क असतील, तर डिजिटल प्लेस्टेशन ५ वर त्यांचा काहीच उपयोग नाही. प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती मोफत देणारे गेमसुद्धा ती डिस्क आत असल्याशिवाय चालत नाहीत. एक्सबॉक्समध्ये सिरीज एसला ड्राइव्ह नाही, आणि २०२४ पासून सिरीज एक्सही ड्राइव्हशिवाय मिळतो. खरेदी करताना नाव पूर्ण वाचा.

## इंटरनेटचा हिशेब

१०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या जोडणीवर पूर्ण वेग मिळाला तर सुमारे साडेचार तासांत उतरतो, १०० एमबीपीएसवर सव्वादोन तासांत, २५ एमबीपीएसवर नऊ तासांत. स्वतः मोजायचं असेल तर जीबीला ८,००० ने गुणा, एमबीपीएसने भागा. उत्तर सेकंदांत येतं. घरच्या फायबरला हे जड नाही, कारण बऱ्याच योजनांची महिन्याची मर्यादा ३,३०० जीबीच्या आसपास असते. पण मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीवर भागवणाऱ्या घरात डिजिटल कन्सोल नेऊ नये. तिथे पूर्ण डिस्क हाच एकमेव व्यवहार्य मार्ग, आणि अपडेट शहरातल्या नातेवाइकांकडे गेल्यावर घेता येतात.

ऑनलाइन सेवा बंद पडली तर काय, हाही प्रश्न येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क साधारण चोवीस तास बंद होतं. डिस्कचे एकट्याने खेळायचे गेम चालू राहिले. डिजिटल गेम मात्र ज्यांच्या कन्सोलवर ‘कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले’ ही सोय चालू होती, त्यांनाच निर्धास्तपणे खेळता येणार होते.

## परदेशातून आणलेला गेम

अमेरिकेतून भाऊ सुट्टीला येतोय, त्याला गेम आणायला सांगू, असं आपल्याकडे सर्रास ठरतं. प्लेस्टेशन ५ ची डिस्क जगात कुठलीही असो, चालते. अडतं ते जोडभागांवर. नंतर विकत घ्यायचे नकाशे, पात्रं, कथेचे पुढचे भाग डिस्कच्या प्रदेशाशी आणि अकाउंटच्या प्रदेशाशी जुळावे लागतात. अमेरिकन डिस्क आणि भारतीय अकाउंट असेल तर भारतीय स्टोअरवर घेतलेला जोडभाग त्या गेमला लागत नाही, आणि पैसे अडकतात. खोक्यावरच्या वयाच्या शिक्क्यावरून प्रदेश ओळखा: ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतील तर युरोपीय छपाई, आणि भारतीय अकाउंटला साधारणपणे तीच जुळते. ई, टी, एम अशी अक्षरं असतील तर अमेरिकन.

निन्टेन्डोचं भारतासाठी स्वतंत्र ई-शॉप नाही. त्यामुळे स्विचवाल्यांना डिजिटल घ्यायचं तर दुसऱ्या देशाचं अकाउंट उघडून तिथली गिफ्ट कार्डं वापरावी लागतात. कार्डावरचा पूर्ण गेम इथे सरळ सोयीचा. जपानहून स्विच २ मागवत असाल तर एक सावधगिरी: तिथली स्वस्त आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि फक्त जपानी अकाउंट घेते.

## वापरलेली डिस्क घेताना

ब्लू-रेमध्ये डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६, सीडीत १.२. वरचं आवरण कठीण असतं म्हणून बारीक ओरखडे सहसा सोसतात, पण खोल चरा गेला की तो घासून काढता येत नाही. सीडी घासून देणाऱ्या माणसाकडे ही डिस्क नेऊ नका. उजेडात तिरकी धरून बघा, नखाला जाणवेल असा चरा असेल तर सोडून द्या. पुसायची तर मऊ मायक्रोफायबर कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल नाही, आणि कुठलंही द्रावण नाही. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट पावसाळ्यात डिस्क खोक्यातच, उभी ठेवा.

स्विचच्या कार्डाला वेगळा धोका आहे. प्रत्येक कार्डात स्वतःची ओळख असते. कोणी कार्डाची नक्कल काढून अस्सल कार्ड विकलं आणि दोन्ही एकाच वेळी ऑनलाइन दिसली, तर निन्टेन्डो कन्सोलची ऑनलाइन सेवा रोखू शकतं. २०२५ मध्ये वापरलेली कार्डं घेणाऱ्यांवर अशी वेळ आली, आणि खरेदीचा पुरावा दाखवल्यावर बंदी उठली. म्हणून पावती किंवा निदान विकणाऱ्याबरोबरचं चॅट आणि फोटो जपून ठेवा.

## मग घ्यावं काय?

ड्राइव्ह असलेला कन्सोल घ्या, किंवा निदान नंतर ड्राइव्ह लावता येईल असा. कथेचे, एकट्याने खेळायचे गेम पूर्ण डिस्कवर घ्या. रोज मित्रांबरोबर खेळायचा क्रिकेट, फुटबॉल किंवा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खुशाल डिजिटल घ्या. दर वेळी डिस्क बदलावी लागत नाही आणि सर्व्हर गेल्यावर दोन्ही सारखेच निरुपयोगी. लहान स्टुडिओंचे गेम बहुधा डिजिटलच असतात, त्यांच्यासाठी अडून बसू नका. अर्धवट डिस्क आणि गेम-की कार्ड यांना डिजिटलपेक्षा जास्त पैसे देऊ नका. पुन्हा विकता येतात एवढाच त्यांचा फायदा.

‘डिस्क तर जाणारच आहेत,’ असं म्हणून हा विचारच सोडून देणारे बरेच आहेत. सोनीच्या पूर्ण गेमच्या विक्रीत तीन-चतुर्थांशांच्या आसपास वाटा आता डिजिटलचा आहे, हे खरं. पण २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनला चोवीस तासांतून एकदा ऑनलाइन तपासणी सक्तीची करायचं आणि वापरलेल्या गेमवर बंधनं घालायचं ठरवलं होतं. गिऱ्हाइकांनी झोडपल्यावर काही आठवड्यांत, जूनमध्येच, निर्णय मागे घेतला. लोक काय घेतात याकडे कंपन्या बारकाईने बघत असतात.

ज्यांच्याकडे आधीच फक्त डिजिटल कन्सोल आहे, त्यांनी आजच तीन कामं करावीत. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, मग युजर्स अँड अकाउंट्स, मग अदर, आणि तिथे ‘कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले’ चालू आहे का बघा. एक्सबॉक्सवर हीच गोष्ट जनरल, पर्सनलायझेशन, ‘माय होम एक्सबॉक्स’ अशी सापडते. हे केलं की त्या कन्सोलवर घरातला कोणीही तुमचे गेम खेळू शकतो, नेट नसतानाही. दुसरं, अकाउंटला दोन टप्प्यांची पडताळणी किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने लॉगिन करण्याची सोय) लावा, कारण अकाउंट चोरीला गेलं तर सगळे गेम एकदम जातात. तिसरं, खरेदीच्या पावत्यांचे ईमेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये जमा करा. अकाउंट परत मिळवताना कंपनीचा माणूस पहिल्यांदा तेच मागतो: व्यवहाराचा क्रमांक आणि कन्सोलच्या पाठीमागचा सिरीयल नंबर.